गोरिला पाहायला निघालेल्यांनो, सर्दी लपवू नका

रवांडा-युगांडाच्या गोरिला सहलींना जाणाऱ्या मराठी प्रवाशांना, आणि त्यांना तिथवर नेणाऱ्या सहल कंपन्यांना,

सप्रेम नमस्कार.

आधी कबुली देते, मग बाकीचं बोलते. गेल्या वर्षी रवांडात, किनिगी गावातल्या व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीसमोर, सकाळी सातच्या गारठ्यात आम्ही आठजण उभे होतो. वाटाड्यानं विचारलं, "कुणाला सर्दी, खोकला, ताप, जुलाब?" माझा घसा आदल्या रात्रीपासून धरलेला होता. पहाटे उठून मी सर्दीची गोळी घेतली होती आणि खिशात लवंगा होत्या. मी मान हलवली. नाही म्हणून.

सांगली जिल्ह्यात पस्तीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई मी. बाळंतिणीच्या खोलीत नाक ओढत शिरणाऱ्या आत्या, मावशा, मोठ्या जावा यांना दाराबाहेर काढण्यात माझी हयात गेली. "बाळाला लांबूनच बघा" हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेल. आणि तीच मी, गोरिला पाहायचा दीड हजार डॉलरचा परवाना बुडेल म्हणून, तान्ह्या बाळाच्या आईसमोर सर्दी घेऊन जाऊन बसले. आपल्या पैशांत तो परवाना सव्वा लाखाच्या पुढे जातो. लेकीनं साठीची भेट म्हणून दिलेला. ही सबब नाही, कारण तेवढं सांगते. माझ्यासारखं कारण तुमच्यापैकी पुष्कळांकडे असेल, म्हणूनच हे पत्र.

दीड-दोन तास बांबूतून आणि मग खाजऱ्या झुडपांतून चढल्यावर ते कुटुंब दिसलं. ती मादी एका उतारावर बसून हिरवे देठ सोलत होती आणि तिच्या छातीशी एक काळी मूठ होती. मूठच म्हणते, कारण पहिल्यांदा तेवढंच दिसलं. वाटाड्या म्हणाला, बाळ अडीच महिन्यांचं आहे. मग त्यानं सहज जोडलं, "हे तिचं चौथं. आधीच्या तिघांतली दोन आहेत."

एका आईची एवढी माहिती आमच्याकडे केसपेपरवर लिहितात. त्या वाक्यावर मी परत येणार आहे.

परतल्यावर मी या प्राण्यांच्या बाळंतपणांबद्दल मिळेल ते वाचलं. काही गोष्टी माझ्या धंद्याच्या ओळखीच्या निघाल्या, काही अगदी अनोळखी. मादीला सहा-आठ वर्षांची असताना पाळी सुरू होते, पण पहिलं बाळ व्हायला साधारण दहावं वर्ष उजाडतं. मधली एक-दोन वर्षं ती नराकडे जाते तरी गर्भ राहत नाही. माणसाच्या वयात येणाऱ्या मुलींतही सुरुवातीची काही चक्रं अशीच रिकामी जातात. पाळीचं चक्र आपल्यासारखंच, सुमारे अठ्ठावीस दिवसांचं, आणि त्यातले गर्भधारणेचे दिवस एक ते तीन. चिंपांझी माद्यांसारखी ठळक सूज गोरिलांत दिसत नाही, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. पुढाकार बहुतेक वेळा मादीच घेते: ओठ आवळून, नजर रोखून सरळ नराकडे चालत जाते. कुठल्या ठरावीक ऋतूत नव्हे, बाळं वर्षभर कधीही जन्मतात.

गर्भारपण साडेआठ महिन्यांचं. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, त्यापेक्षा थोडं कमीच. आणि ते ओळखणं फार कठीण, कारण दिवसभर पाला खाणाऱ्या प्राण्याचं पोट कायमच डेऱ्यासारखं असतं. रोज मागावर जाणाऱ्या माणसांनाही पुष्कळदा बाळ हातात दिसल्यावरच बातमी कळते. डायन फॉसी यांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. १९६७ साली करिसोके संशोधन केंद्र सुरू करून अकरा वर्षं गोरिलांच्या मागावर असलेल्या या बाईंनी 'पक' नावाच्या गोरिलाला नर समजून ठेवलं होतं. १९७८ मध्ये पकच्या हातात बाळ दिसलं तेव्हा त्यांच्या तोंडून "इट कान्ट बी!", म्हणजे 'असं होऊच शकत नाही!', असे इंग्रजी शब्द निघाले, आणि त्यांचंच पोराचं नाव झालं, कान्ट्सबी. ते पोर पुढे मोठा सिल्व्हरबॅक, म्हणजे रुपेरी पाठीचा प्रौढ नर, झालं, वीस वर्षांहून जास्त काळ त्यानं आपला कळप सांभाळला आणि एका वेळी त्याच्या कळपात पासष्टजण होते. चुकलेल्या सोनोग्राफीच्या अनेक गमती माझ्याकडे आहेत, पण ही त्यांत पहिली.

जन्मतानाचं वजन दोन किलोच्या आसपास. आई नव्वद-शंभर किलोची, बाप तिच्या जवळपास दुप्पट, आणि बाळ आपल्या पुण्या-मुंबईच्या सरासरी बाळापेक्षा लहान. त्वचा गुलाबी-करडी. सुरुवातीला त्याला केस घट्ट धरून लटकायची ताकद नसते, म्हणून आई एक हात त्याच्याखाली देऊन तीन पायांवर चालते. मी पाहिलेली मादीसुद्धा तशीच चालत गेली, खाली दिलेला डावा हात जरा वर धरून. चार महिन्यांच्या आसपास बाळ पाठीवर बसायला लागतं. त्याच सुमाराला पानं तोंडात घालून बघतं, पण दूध तीन-साडेतीन वर्षं चालू राहतं. तोवर ढुंगणावर एक पांढरा केसांचा झुबका असतो. मोठ्या गोरिलांनी सांभाळून घ्यावं म्हणून लावलेलं गालबोटच जणू, असं आपलं मला वाटलं. रात्री आई पाल्याचं अंथरूण करते, रोज नवं, आणि बाळ तिच्या कुशीत. दुसरं भावंड येईपर्यंत.

आता ते दुसरं भावंड. मूल अंगावर पीत असताना आईला सहसा गर्भ राहत नाही. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं, आणि कुटुंब नियोजनवाले 'पाळणा लांबवा' म्हणून भिंती रंगवत होते तेव्हा आम्ही तेच शास्त्रीय भाषेत सांगत होतो. गोरिलांचा पाळणा आपोआपच लांबतो, चार वर्षांवर. जुळी फार क्वचित. म्हणजे दहाव्या वर्षी पहिलं, मग दर चार वर्षांनी एक, आणि आयुष्य पस्तीस-चाळीस वर्षांचं. सगळं सुरळीत झालं तर सहा-सात बाळंतपणं. पण तीनेक वर्षांची होण्याआधीच चारांतलं किमान एक बाळ जातं. उरतात किती? एका मादीच्या सगळ्या जन्माची कमाई चार, फार तर पाच.

वाटाड्याचं वाक्य आठवा. आधीच्या तिघांतली दोन.

यातली बाळं जातात कशानं, हेही सांगायला हवं, जरी ऐकायला बरं वाटणार नाही. पडून, आजारानं, फासात अडकून, आणि पुष्कळ वेळा परक्या नराच्या दातांनी. कळपाचा एकमेव सिल्व्हरबॅक मेला की माद्या दुसऱ्या नराकडे जातात, आणि तो नर अंगावर पिणाऱ्या बाळांना मारतो. दूध थांबलं की पाळी परत सुरू होते, आणि वर्षभरात मादी त्या नव्या नराच्या बाळाची आई होते. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. पण आपल्याला त्याचं फार नवल वाटायला नको. आपल्या देवळांवरच्या वानरांतही हेच चालतं, आणि जगानं ते प्रथम नीट नोंदवलेलं पाहिलं ते इथून जवळच, धारवाडच्या रानात, जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांच्या कामातून, १९६० च्या दशकात. आपण हनुमान म्हणून केळी देतो त्या प्राण्याची ही बाजू आपल्या घरांत कुणी सांगत नाही.

म्हणून एका सिल्व्हरबॅकचं मरण हे एकाचं मरण नसतं. २०२० च्या जूनमध्ये युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात 'राफिकी' नावाचा सिल्व्हरबॅक शिकाऱ्याच्या भाल्यानं मेला. बातमीत एकच नाव होतं. जाणकारांना काळजी होती ती मागे राहिलेल्या कळपाची.

आणि या नराबद्दल एक गोड गोष्टही आहे, नाहीतर मी त्याला फार काळा रंगवला असं होईल. साधारण बाराव्या वर्षी त्याच्या पाठीवर रुपेरी केस येतात, पण बाप व्हायला बहुधा पंधरावं वर्ष लागतं. मधल्या काळात कुणी घरातच थांबून वाट पाहतो, कुणी एकटा रानात भटकत राहतो. त्याची ताकद, त्याचे सुळे, छाती बडवणं, हे सगळं तुम्ही टीव्हीवर पाहिलंय. २०१८ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं, आणि त्यात निघालं की पिल्लांना जवळ घेऊन बसणारे, त्यांचे केस विंचरणारे नर, पिल्लांत सगळ्यांत कमी रमणाऱ्या नरांपेक्षा, सुमारे पाचपट पोरांचे बाप होतात. पिल्लं स्वतःची असोत वा नसोत. आमच्यासमोरही तो प्रचंड देह उताणा पडलेला होता आणि तीन पोरं त्याच्या पोटावरून घसरगुंडी करत होती. माझे यजमान हळूच म्हणाले, "हा जावई चालला असता."

त्याच क्षणी मला खोकला आला. दाबला. मास्कच्या आत, रुमालात, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

आता माझ्या खोकल्याचा तिच्या बाळाशी काय संबंध, ते सांगते. आपली आणि त्यांची जनुकं सुमारे ९८ टक्के सारखी, त्यामुळे आपले श्वासाचे आजार त्यांना सहज होतात. पण आपल्या घरांत दर पावसाळ्यात फिरणाऱ्या विषाणूंची त्यांच्या शरीराला ओळख नाही. २००९ मध्ये रवांडातल्या 'हिर्वा' कुटुंबात खोकल्याची साथ आली. बारांपैकी अकराजण आजारी पडले, एक प्रौढ मादी आणि एक अगदी लहान बाळ दगावलं. तपासात मेटान्यूमोव्हायरस हा माणसांतला सर्दी-खोकल्याचा विषाणू सापडला. बालरोगतज्ज्ञ मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, तो तर आपल्या ओपीडीत रोज असतो." त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, गोवराच्या संशयावरून तिथल्या गोरिलांना बंदुकीच्या सुईनं लशी टोचाव्या लागल्या होत्या. ब्विंडीत १९९६ साली एका कुटुंबाला खरूज झाली आणि त्यात एक पिल्लू गेलं. माणसाची खरूज!

या सगळ्यावर त्यांचा स्वभाव. त्यांना एकमेकांपासून लांब बसता येत नाही. रवांडात एक म्हातारी, कळपातली मोठी मादी वारली, तेव्हा दूध तुटलेला तिचा मुलगा प्रेताजवळ बसून केस साफ करत राहिला, आणि मग त्यानं पुन्हा तिला पिण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या एका पोरानं मेलेल्या सिल्व्हरबॅकशेजारी दोन दिवस काढले, त्याच अंथरुणात झोपलं. हे नोंदवणाऱ्या संशोधकांनीच पुढे लिहिलंय की अशा जवळिकीतून साथ पसरू शकते. आपण विलगीकरण कक्ष करतो, दारावर पाटी लावतो. त्यांच्याकडे दार नाही.

डोंगरी गोरिला जगात किती? विरुंगाच्या डोंगररांगेत, म्हणजे रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमांवर, २०१५-१६ च्या मोजणीत ६०४. ब्विंडी आणि त्याला लागून असलेल्या काँगोतल्या सारांब्वे राखीव जंगलात २०१८ च्या मोजणीत ४५९. मिळून हजाराच्या थोडे वर. आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात वर्षाला त्याहून जास्त बाळं जन्मतात. प्राणिसंग्रहालयांत राखीव साठा म्हणून काही ठेवलेले आहेत असंही नाही. काँगोतल्या अनाथालयात आई गमावलेली काही पोरं सांभाळली गेली, एवढंच. जनुकांच्या अभ्यासात असंही दिसलं की त्यांच्या गुणसूत्रांचा सुमारे एक तृतीयांश भाग आईकडून आणि बापाकडून अगदी एकसारखा आलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या थोड्याच घरांत सोयरीक झाली की जे होतं, तेच. रोगाशी लढायला वैविध्य हवं, ते यांच्याकडे मुळातच कमी.

तर मग जाऊच नये का? असं मी म्हणत नाही, आणि म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. आज सहाशे आहेत, त्यात तुमच्या-माझ्या परवान्याच्या पैशांचा, वनरक्षकांचा आणि १९८६ पासून रानात जाऊन औषध करणाऱ्या पशुवैद्यकांचा वाटा मोठा आहे. माणसांची सवय झालेल्या आणि रोज राखण असलेल्या कळपांची संख्या वर्षाला चार टक्क्यांनी वाढत होती, तर सवय नसलेल्यांची किंचित घटत होती, असा विरुंगाचाच जुना हिशेब आहे. २०१८ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' यादीत आणलं गेलं. म्हणजे पर्यटकानं त्यांना वाचवलंय, आणि पर्यटकच त्यांना मारू शकतो. दोन्ही खरं. फक्त दुसरं आपण सहलीच्या माहितीपत्रकात छापत नाही.

काय छापतो? मीच घेतलेल्या सहलीच्या पत्रकावर गोरिलाच्या पिल्लाशेजारी हसणाऱ्या माणसाचा फोटो होता, हातभर अंतरावरून. काही संशोधकांनी समाजमाध्यमांवरचे अशा सहलींचे ८५८ फोटो तपासले, तर ८६ टक्क्यांत माणूस चार मीटरच्या आत होता. नियम तेव्हाही सात मीटरचा होता. करोनानंतर दहा मीटर झाला आणि मास्क आला. दहा मीटर म्हणजे दोन खोल्यांचा आमचा जुना दवाखाना, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

म्हणून सहल कंपन्यांना माझं म्हणणं असं. त्या फोटोंच्या जाहिराती थांबवा. आजारी पडणाऱ्या प्रवाशाचा परवाना बुडाला तर त्याची भरपाई विम्यातून कशी मिळेल, हे आधीच बसवून द्या आणि नोंदणीच्या वेळीच कागदावर द्या. माणूस खोटं बोलतो ते पैशापायी, माझ्यावरून सांगते. निघण्याआधी फ्लूची लस घ्यायला सांगा, गोवराची झालीय का विचारा. गटात कुणी शिंकत असेल तर बाकीच्यांनी तोंड उघडायला लाजू नये, असं सहल व्यवस्थापकानं पहिल्याच रात्री जेवताना सांगावं. आमच्या गटात दोघांना माझा आवाज बसलेला कळला होता. भिडेपोटी कुणी बोललं नाही.

आणि प्रवाशांनो, तुमच्याकडे एकच मागणं. पिल्लू कुतूहलानं तुमच्याकडे सरकलं तर तुम्ही मागे सरका. फोटो हुकेल. वाटाड्या विचारेल, "सर्दी, खोकला, ताप?" तेव्हा खरं सांगा आणि त्या दिवशी हॉटेलातच आल्याचा चहा पीत बसा. त्या हॉटेलातून विरुंगाचे डोंगर छान दिसतात. मी दुसऱ्या दिवशी तेच केलं, पण ते एका दिवसानं उशिरा झालं. तिसऱ्या दिवशी राजधानी किगालीत मला एकशे एक ताप होता.

रवांडात दरवर्षी नव्या गोरिला बाळांचं बारसं होतं, 'क्विता इझिना' म्हणतात, २००५ पासून. माणसांच्या बाळांच्या जुन्या विधीवरूनच घेतलेलं. घरी आल्यावर मी त्या वाटाड्याला दोनदा ई-मेल केला. खरं काय झालं ते लिहिलं, माफी मागितली, आणि त्या मादीबद्दल, तिच्या बाळाबद्दल विचारलं. पहिल्याचं उत्तर आलं नाही. ते तीन आठवडे कसे गेले ते मला विचारू नका. दुसऱ्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. माझ्या खोटेपणाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. लिहिलं होतं: कुटुंबात कुणी आजारी नाही. बाळ आता आईच्या पाठीवर बसतं.

आपली,
सांगली जिल्ह्यातली एक निवृत्त प्रसूतितज्ज्ञ